ओट्यावरच्या तीन वाट्या

आज लेकीने माझ्या आईची सुती साडी नेसायला काढली. खळीचा वास आला आणि मी मुलुंडच्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

मी आठवीत होतो. पालकसभेत बाईंशी इंग्रजीत बोलायचं म्हणून आईने माझ्याकडून एक वाक्य शिकून घेतलं होतं. आधी 'कसं', मग 'कुठे', मग 'कधी' असं जोडायचं, हे मी सांगितलं. तिने ओट्यावर तीन वाट्या ओळीने मांडल्या आणि पोळ्या लाटता लाटता एकेकीला बोट लावत म्हणू लागली, "माय सन स्टडीज क्वायटली, अ‍ॅट होम, इन द ईव्हनिंग. बरोबर ना रे?"

बरोबर होतं. पण उच्चार गावाकडचा होता, पोरं हसतील म्हणून मला लाज वाटली. सभेच्या दिवशी ती हीच साडी नेसून तयार झाली, तेव्हा मी म्हणालो, "मीटिंग कॅन्सल झाली."

संध्याकाळी शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "काय हो, मीटिंगला आला नाहीत? आमच्या मन्याची तर बाईंनी वाट लावली!"

आईने माझ्याकडे पाहिलं. "मलाच जरा बरं नव्हतं," ती म्हणाली आणि तिन्ही वाट्या उचलून फळीवर ठेवल्या.

ते वाक्य ती पुन्हा कधी बोलली नाही. ती गेली तोवर माझ्याच्याने माफी मागवली नाही.

आज मी ते तिच्याच उच्चारात, हळूच म्हणून पाहिलं.

"बाबा," आतून लेकीने विचारलं, "कुणाशी बोलताय?"