सुमनताईच्या नावावरची विंडोज

सुमनताई पष्टे दुरुस्तीला आलेला लॅपटॉप उघडायची आणि त्याच्या मालकालाच समोर बसवून स्क्रीनवरचं अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचायला लावायची. शहापूरच्या बाजारपेठेत तिचं दोन खुर्च्या मावतील एवढं दुकान होतं. त्याआधी तिने मुरबाडला टायपिंगचे क्लास चालवले होते, आणि शिकवायची खोड काही गेली नव्हती. कुणी घाईत म्हणालं, ठेवून जातो ताई, विंडोज मारून ठेवा, तर ती वर न बघता सांगायची, "मारायला ती काय डास हाय? बस इथं. मशीन तुजी, तूच वाच." अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. यातून बँकेतले साहेबही सुटले नाहीत. चहा विचारायची पद्धत तिच्याकडे नव्हती.

आमच्या भागात लॅपटॉप फॉरमॅट केला की विंडोजचं लायसन्स गेलं, असा पक्का समज होता. ताईला त्याचा राग यायचा. पहिल्यासारखीच विंडोज टाकली आणि नेट जोडलं की ती आपोआप चालू होते, कारण कंपनीकडे त्या मशीनच्या मदरबोर्डाची ओळख नोंदलेली असते, हे तिने किती जणांना समजावलं असेल कोण जाणे. "ती बोर्ड वळखते, तुला नाय," असं ती तोंडावर सांगायची. बोर्डच बदलला तर मात्र ओळख पुसते. मग लायसन्स कुणाच्या खात्याला जोडलंय ते पाहावं लागतं, आणि त्याच खात्यातून ते नव्या बोर्डावर आणावं लागतं.

माझ्या लॅपटॉपचा बोर्ड जळला तो विजेच्या झटक्याने. मी डोळखांबला घरी बसून ठाण्याच्या एका कंपनीसाठी दवाखान्यांची बिलं तपासते. आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, ती अंथरुणात. आटगाव स्टेशन गाठून रोज ठाण्याला जाणं मला शक्य नव्हतं. म्हणजे ही नोकरी गेली की दुसरी नाही. ताईने नवा बोर्ड बसवला, विंडोज टाकली, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट करा’ अशी, लायसन्स नसल्याची फिकट ओळ उमटली. कंपनीचा नियम होता, असं मशीन कामाला चालणार नाही. सोमवारी दुपारी कंपनी मशीन तपासणार होती आणि तो शनिवार होता.

ताई निवांत होती. लॅपटॉप मी जुना घेतला होता, पण त्यावरची विंडोज तिनेच रीतसर विकत घेऊन टाकली होती. बोर्ड बदलला तरी अशी विंडोज सोबत नेता येते, एवढं तिला ठाऊक होतं. तिने मला माझ्या खात्यात शिरायला लावलं. मी वाचलं, या खात्याला कुठलंही लायसन्स जोडलेलं नाही. "नीट वाच," ती म्हणाली. मी तीनदा वाचलं. मग तिने माझ्यावर तोंडसुख घेतलं. शिकल्यासवरल्या मुलींना स्वतःचं खातं सांभाळता येत नाही, आणि बरंच काही. मी रडायच्या बेतात होते.

बोलता बोलता ती मधेच थांबली. मी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडे खात्याला लागणारा ईमेलच नव्हता, हे तिला आठवलं. तेव्हा बहुतेकांकडे नसायचा. गिऱ्हाइकाला शहापूरला पुन्हा हेलपाटा नको म्हणून ताई स्वतःचं खातं घालून द्यायची आणि मोकळी व्हायची. तिने माझं खातं बंद केलं आणि स्वतःचं उघडायला घेतलं. मग म्हणाली, "चूक माजी हाय गो. तुला उगा बोलले."

त्या खात्यात शिरायचा कोड तिच्या जुन्या नंबरवर जाणार होता, आणि ते सिम तिने टोकावड्याच्या भावाला देऊन टाकलं होतं. भाऊ भाताच्या लावणीला गेलेला, फोन घरी वहिनीपाशी. वहिनी म्हणाली, "यात लय मेसेज हायत बाय, कंचा वाचू?" दोन कोड ती शोधेपर्यंत वाया गेले. तिसऱ्या वेळी तिने सहा आकडे एकेक करून सांगितले आणि ताईने ते एका बोटाने टाकले. टायपिंगवालीला असं टाइप करताना मी तेव्हाच पाहिलं. कोपऱ्यातली ओळ गेली. ताईने मला उठू दिलं नाही. लगेच लायसन्स माझ्या खात्याला जोडायला लावलं आणि स्वतःच्या यादीतून माझं मशीन काढून टाकलं.

त्यानंतर तिने एक वही केली. आपल्या खात्यावर कुणाकुणाची मशीन आहेत ते त्यात उतरवलं आणि दुकान बंद असेल त्या दिवशी एसटीने एकेका गावाला जाऊन लायसन्स ज्याच्या त्याच्या खात्याला जोडायला लागली. सिद्धगडच्या पायथ्याच्या एका मास्तरांकडे ती दोनदा गेली, पहिल्या खेपेला ते भेटलेच नव्हते. लोक म्हणायचे, ताई, चाललंय ना, राहू दे की तुमच्याच नावावर. तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "मी मेले तर कोड कोनाला इचारशील?" लोक हसायचे. मीही हसले होते. तिच्या पोटात गाठ निघालीय, हे आम्हाला माहीत नव्हतं.

ती गेली त्याला आता वर्ष होईल. दिवसकार्य झाल्यावर तिच्या भावाने जुनं सिम बंद करून टाकलं. वहीतल्या बऱ्याच जणांना मी ओळखते. पुढचे काही महिने मी वाट पाहत होते, कुणाचं तरी मशीन अडेल, कुणी तरी म्हणेल, आज ताई हवी होती. कुणाचंच काही अडलं नाही. तिने काम चोख केलं होतं, आणि मला त्याचंच फार वाईट वाटलं.