“कधीचं सांगता?”

“कधीचं सांगता?”

कुणाबद्दल काहीही सांगा, सरांचा पहिला प्रश्न हाच. चष्मा कपाळावर सारायचे आणि डोळे बारीक करून विचारायचे. एकदा आमचा कारकून शिपायाची तक्रार घेऊन आला, लई कामचुकार आहे म्हणून.

“कधीचं सांगता?”

“मागच्या वर्षीचं, सर.”

“मग तो मागच्या वर्षीचा शिपाई झाला. आत्ताचा कुठंय?”

आत्ताचा शिपाई चहा घेऊन दारातच उभा होता. तो हसला. कारकून नाही हसला.

इतिहास विभागात आम्ही दोघंच. सर पिशोरचे, माझ्याहून बरेच मोठे. जुने फारसी कागद असे वाचायचे, जसं आपण वर्तमानपत्र वाचतो. बोलणं मात्र गावाकडचंच ठेवलं होतं. पण मुलं त्यांच्यावर जीव टाकायची ती कागदांमुळं नाही, दौलताबादच्या सहलीमुळं. किल्ल्यावरची अंधारी तुम्ही पाहिली असेल, ती काळोखी, वळणावळणांची वाट. तिथं मधोमध थांबून सर सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावायचे. वर वटवाघळांची फडफड, पायाखाली ओलसर दगड.

“आता एकेकानं नाव सांगा. मोठ्यानं.”

नावं येत जायची आणि सर अंधारातूनच प्रत्येकाला ओळखायचे. “हां, तू कन्नड तालुक्याची. सर्दी झालीय तुला.” “तू घाबरला रे. नाव अर्धंच आलं.” सगळ्यांचं झालं की शेवटी स्वतःचं नाव सांगायचे. पुढं डॉक्टर नाही, मागं सर नाही. त्यांची आई हाक मारायची, तेवढंच. मग उजेड.

एका उन्हाळ्यात सरांची बायको गेली. कॉलेज उघडल्यावर पंधरा-वीस दिवसांत पुण्याहून एक प्रशिक्षक आले आणि आम्हा सगळ्या प्राध्यापकांची स्वभावचाचणी झाली. तुमच्याकडंही झाली असेल. मोबाईलवर प्रश्न, खाली हो किंवा नाही, आणि शेवटी तुम्ही कोण ते चार इंग्रजी अक्षरांत, सोबत त्यांचा मराठी अर्थ. आठवडाभर स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. ज्या मॅडमनी कधी वर्ग वेळेवर सोडला नाही, त्या ‘शिस्तप्रिय’ निघाल्या. मी ‘ठाम निर्णय घेणारा’ निघालो. मी, ज्याला भाजी आणायला पाठवलं तर बायकोला दोनदा फोन करावा लागतो. आम्हा विद्वानांना स्वतःबद्दल खोटं लिहिताना हात थरथरत नाही, एवढंच त्या चाचणीनं दाखवलं. पण ते कुणी वाचलं नाही.

सर निघाले ‘एकांतप्रिय अभ्यासक’.

“सर, तुम्ही आणि एकांतप्रिय?” मी कॅन्टीनमध्ये हसत विचारलं.

त्यांनी बशीतला चहा फुंकला. “लोकांत बसायला आवडतं का, विचारलं. म्हटलं, नाय. आत्ता नाय आवडत. घरी गेलो की रेडिओसुद्धा लावू वाटत नाय.”

“अहो, पण तुम्ही असे नाही.”

“कधीचं सांगता? आत्ता विचारलं, आत्ताचं लिहिलं. कागद त्याच्या दिवसापुरतीच साक्ष देतो, बाबा. तुम्हीच शिकवता की पोरांना.”

म्हणजे ते उत्तर तेवढ्या दिवसांपुरतं होतं, हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणालाही नव्हतं, मला होतं.

पुढं प्राचार्यांनी स्वभाव पाहून कामवाटप करायचं ठरवलं. मला बोलावलं. “सरांना वर्गाचा त्रास नको. ग्रंथालयाच्या वरची कागदपत्रांची खोली त्यांना देऊ. एम.ए.चा वर्ग आणि सहल तुम्ही घ्या. तुम्ही जवळचे आहात त्यांच्या. माणूस खरंच तसाच आहे ना?”

एम.ए. शिकवल्याचा अनुभव मला बढतीसाठी हवा होता. मी म्हणालो, “हो. शांतच आहेत ते.”

प्राचार्यांच्या खोलीत कधीचं ते विचारणारं कुणी नव्हतं.

सरांनी आपली पुस्तकं वरच्या खोलीत हलवली. खाली येऊन माझ्याच टेबलाशी उभे राहिले. “अंधारीत दुसऱ्या वळणाला दगड निसरडा आहे. पोरांना हात धरायला सांगा.” बस्स, एवढंच.

दिवाळीनंतर ते सावरले. माणूस सावरतोच की. वरच्या खोलीतून उतरून माझ्या वर्गाबाहेर रेंगाळायला लागले. एकदा म्हणाले, “बोलवा की एखाद्या तासाला. फुकट येतो.” मी म्हणालो, “बोलावतो, सर.” माझी मुलाखत व्हायची होती. नंतर ती झाली, बढतीही झाली, आणि तरी मी बोलावलं नाही, कारण आता काय कारण सांगून बोलवायचं? त्यांनी पुन्हा विचारलं नाही. जेवणाचा डबा वरच खायला लागले. हळूहळू त्या चार अक्षरांसारखे होत गेले. शिपाई एकदा मला म्हणाला, “सर आता बोलत न्हाईत हो. काय झालं?” मी म्हणालो, स्वभाव आहे.

निवृत्तीला थोडे महिने उरलेले असताना ते गारखेड्यातल्या आपल्या घरी वारले. झोपेतच.

शोकसभेत त्यांच्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘एकांतप्रिय अभ्यासक’. बोलणारे तेच बोलले. माझी पाळी आली. मी उठलो आणि म्हणालो, “सर मुळातच एकटे राहणारे होते.”

मागच्या रांगेत एक जुनी विद्यार्थिनी बसली होती, कन्नडची. फार मोठ्यानं नाही, पण ऐकू येईल असं म्हणाली,

“कधीचं सांगता, सर?”

मी खाली बसलो.

सहल अजून मीच नेतो. अंधारीत मोबाईल बंद करायला लावतो, नावं सांगायला लावतो. आवाज येतात. कुठला कुणाचा, मला कळत नाही. शेवटच्या मुलाचं नाव झालं, माझं राहिलेलं असतं, तोच मुलं म्हणतात, “सर, लावू का टॉर्च?”

मी म्हणतो, थांबा जरा.