एकच कॅज्युअल्टी

त्या संध्याकाळी माझ्या बायकोनं, कौसानं, नेहमीसारखा माझा डावा पाय मांडीवर घेतला अन् कोमट तेल लावलं. तळपाय दाबत विचारलं, "लागतंय का?"

"न्हाई."

रोजचा सवाल, रोजचा जवाब. गुडघ्याखाली पायाला काही कळत नाही. चालताना चप्पल निघून पडली तरी कळत नाही. कौसा मागून यायची अन् उचलून आणायची. पारावरची माणसं म्हणायची, "फौजी म्होरं, रसद मागं." वर कंबरेपासून मांडीत मात्र इंगळी चावल्यागत कळ येते.

हे दुखणं नोकरीतलं. मी इंजिनिअर पलटणीत होतो. डोंगरातल्या एका नाल्यावर आम्ही लोखंडी पूल टाकत होतो. पुलाचं एकेक पॅनल, म्हंजी जड लोखंडी चौकट, सहा जणांनी उचलायचं, ऑर्डरवर. शिकवण एकच. कुणाचा पाय घसरला तर सगळ्यांनी एकदम सोडायचं अन् बाहेर उडी मारायची. माझ्यासमोर नाईक गणपत होता, माझ्याच गावचा, सेनगाव तालुक्यातला. चिखलात त्याचा पाय गेला.

"छोडो!" सुभेदार साहेब ओरडले.

चौघांनी सोडलं. मी सोडलं नाही. खाली गणपत होता. कंबरेत कडकन वाजलं. पॅनल गणपतच्या अंगावर गेलंच.

साहेब वायरलेसवर बोलले, "एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"बाकी? ओव्हर."

"बाकी सब ठीक. ओव्हर."

मी पायावर उभा होतो. म्हणून ठीकमध्ये मोजलो गेलो.

गणपतचं स्मारक गावाच्या वेशीजवळ आहे. झेंड्याच्या दिवशी सरपंच आधी तिथं हार घालतो. मला मागच्या रांगेत खुर्ची देतात. मी जळायचो. मेलेल्या माणसावर. कौसा दर सोमवारी तो दगड धुवून फूल ठेवायची, त्याचाही राग यायचा.

त्या संध्याकाळी मी बोललोच. "त्याला दगड भेटला, हार भेटले. मला काय भेटलं? मेलेला पाय."

कौसाचे हात थांबले नाहीत. "गणपतच्या बायकोला, सुमनला जाऊन इचारा," ती म्हणाली. "दगडाचे पाय दाबता येतात का म्हणून."



त्या रात्री कौसा झोपेतच गेली. दिवस उजाडल्यावर गावानं तिला मसणात नेलं. सरण पेटलं तेव्हाही माझ्या मनात हेच, की गणपत आहे तिकडंच ही निघाली. तिथंही तोच पुढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांब्या घेऊन वेशीजवळ गेलो. सुतकात देवाला शिवत नाहीत. गणपत देव नाही, माझ्या पॅनलवरचा गडी आहे. पोचल्यावर पाहिलं, डाव्या पायात चप्पल नव्हती. सवयीनं मागं वळलो. कुणी नव्हतं.

दगड धुतला. मला खाली बसणं जमत नाही, तरी बसलो. दगडाचं बूड दोन्ही हातांनी दाबलं.

"गणपत, लागतंय का?"

मग दगडाला धरून उठलो, सलूट केला, अन् चप्पल शोधत माघारी निघालो.