पडलेलं फूल

आज सकाळी सांगलीच्या बागेत बायकोबरोबर फिरताना सोनचाफ्याचा वास आला आणि मला चाळीस वर्षांपूर्वीची म्हैसूरची बाग आठवली.

नवीन लग्न झालेलं. मी आणि सुमन पलूसहून पहिल्यांदाच एवढ्या लांब गेलो होतो. कोवळं ऊन होतं, नुकत्याच भिजवलेल्या हिरवळीचा गार वास येत होता. आमच्या पुढ्यातच झाडावरून सोनचाफ्याचं एक फूल पडलं. सुमननं ते उचलून केसांत खोवलं, तोच रखवालदार शिट्टी फुंकत आला. त्याचं कानडी कळत नव्हतं, पण फूल तोडलं म्हणून तो रागावलाय, एवढं कळत होतं. लोक थांबून बघायला लागले.

"आवं, सांगा की त्येला, खाली पडलं हुतं," सुमन म्हणाली.

मी तिलाच झापलं. "टाक ते. गावंढळावानी करू नगंस."

तिनं फूल खाली ठेवलं, रखवालदाराला हात जोडले आणि दिवसभर माझ्या मागून चालत राहिली. माझी अब्रू वाचली, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आज कसंबसं म्हणालो, "म्हैसूरला मी तुला उगीच बोललो."

न थांबता ती म्हणाली, "बोलल्याचं काय न्हाई. पर ते पडताना तुमी बघितलं हुतं."