उन्हाळीचं औषध आणि कॅरमचा पेला

साताऱ्याहून निघताना आईने शिदोरीबरोबर एक सल्लाही बांधून दिला, "गाडीत पाणी बेतानेच पी गं. सारखं उठावं लागत नाही." आमच्या घरातल्या सगळ्या बायका असाच प्रवास करतात. मीही पुण्याला गाडी बदलून नागपूर येईपर्यंत घसा जेमतेम ओला केला आणि स्वतःला मोठी शहाणी समजले.

निघाले होते महिलांच्या कॅरम स्पर्धेसाठी. एवढ्या लांब सोंगट्या ढकलायला कशाला जायचं, असं घरात सगळ्यांचं मत. म्हणूनच पेला घेतल्याशिवाय परतायचं नाही, हा माझा हट्ट.

नागपूरच्या महाल भागात मैत्रिणीच्या आईकडे उतरले. शांताकाकू मूळच्या भिवापूरच्या, म्हणजे मिरचीच्या गावच्या. गाडीच्या कोळशाची काजळी धुऊन होते न होते तोच पुढ्यात सांबारवडी आली. सांबार (तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) ठासून भरलेली. डोळ्यांतून धारा लागल्या, पण हात थांबेना. त्या दिवशीचे सामने मी हसतखेळत जिंकले आणि अंतिम फेरीत पोचले.

संध्याकाळी मात्र उन्हाळी लागली. लघवीला गेलं की नुसती आग, थेंबभर होते न होते तोच पुन्हा घाई. अंतिम सामना दुसऱ्या दिवशी, आणि डाव संपेपर्यंत पटापुढून उठता येत नाही. माझं धाबं दणाणलं.

तशीच सीताबर्डीवरच्या औषधाच्या दुकानात गेले. सगळीकडे पुरुषच पुरुष. तोंडून निघालं, "पोटाचं काहीतरी द्या." दुकानदारांनी पाचकाची बाटली दिली आणि मी ती मुकाट्याने घेऊन आले. आग होती तिथेच राहिली. स्वतःचाच असा संताप आला!

काकूंचं लक्ष होतंच.

"काहून वं, सारखी आत-बाहेर करून राहिली? उन्हाळी लागली का तुले?"

मी मान हलवली आणि दुकानातली फजितीही सांगितली. काकू कपाळावर हात मारून हसल्या.

"आमी सगळ्या हेच तं सांगतो वं! पोट बिचारं फुकट बदनाम. चाल, मीबी येतो तुह्या संग. पन बोलशीन तूच."

सायकलरिक्षा करून पुन्हा तेच दुकान. गर्दी मघापेक्षा जास्त. मी श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मला उन्हाळी लागली आहे. लघवीला फार आग होते. त्यावर औषध द्या."

एक गृहस्थ उगाचच भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. दुकानदारांनी मात्र सरळ विचारलं, "ताप आहे का? कुशीत दुखते? रक्त दिसलं? दिवस तर गेले नाही ना?"

सगळ्याला मी नाही म्हटलं.

"मग हे पातळ औषध पेलाभर पाण्यात टाकून घ्या. आग कमी होते यानं, पण रोग जाईलच असं नाही. डॉक्टरले दाखवा. अन् पाणी भरपूर प्या जी."

तेवढ्यात मागून आवाज आला, "भाऊ, मलेबी तेच द्या." हिरव्या लुगड्यातली एक बाई, हातात माझ्यासारखीच पाचकाची बाटली! काकूंनी माझ्या पाठीत धपाटा घातला. मला तर अर्धा सामना तिथेच जिंकल्यासारखं वाटलं.

सकाळपर्यंत आग बरीच निवली. दुपारी शेवटच्या डावापर्यंत बरोबरी होती. मी राणी घेतली, लगेच तिच्यावर सोंगटी घातली आणि डाव मिटवला.

"जमलं वं पोरी!" काकूंच्या आरोळीने पंचही दचकले. किती आनंद झाला म्हणून सांगू! जाण्याआधी काकूंनी मला डॉक्टरीणबाईंकडेही नेलं. त्यांनी तपासून गोळ्या दिल्या.

परतीच्या गाडीत, बायकांच्या डब्यात, समोर एक नवी नवरी बसली होती. सासूबाईंनी पुढे केलेलं पाणी तिने परतवलं. "नको, मग उठावं लागतं."

मी पिशवीतून जिंकलेला पेला काढला, सुरईतलं पाणी त्यात काठोकाठ ओतलं आणि उन्हाळीची सगळी कथा साऱ्या डब्याला ऐकू जाईल अशी सांगितली. नवरी लाजली, मग हसली आणि पेला दोन्ही हातांनी धरून तळ दिसेपर्यंत प्याली.

बडनेरा येईपर्यंत माझा पेला सगळ्या बाकांवरून फिरून आला. घरी गेल्यावर तो आधी आईपुढे भरून ठेवायचा, हे मी तेव्हाच ठरवलं. डब्यात कुणी ना कुणी सारखी उठत होती, आणि बाकीच्या पाय आवरून तिला वाट देत होत्या.