माझा वाटा वगळून

मला बोलायला आवडतं. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे तेव्हा मुलं म्हणायची, बाईंच्या तोंडाला कुलूप नाही. म्हणूनच प्राचार्यांनी मला सरकारच्या एका प्रचार कार्यक्रमात घातलं. वर्ष दुष्काळाचं होतं. पाण्याचा पत्ता नव्हता आणि मागण्यांचा मात्र पूर आला होता. राज्याची तिजोरी पुढच्या पिढ्यांना कशी पुरायची, ते गावोगाव जाऊन साध्या भाषेत लोकांना सांगायचं, असं काम होतं. पाटोद्याच्या आसपासची गावं माझ्याकडे आली. त्यात माझं सासरही आलं.

गावच्या सेवा सोसायटीनं त्या वर्षी माळावर चारा छावणी चालवायला घेतली होती. चारा-पाण्याचा खर्च सरकार देणार होतं. सोसायटीच्या वार्षिक सभेतच माझं भाषण ठेवलं. माझ्या थोरल्या जाऊबाई पुढेच बसल्या होत्या. थोरले दीर गेल्यापासून शेती त्याच बघायच्या, सभासद म्हणून नावही त्यांचंच लागलं होतं, आणि त्यांचे दोन बैल छावणीत होते. त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या आणि शेजारणीला कोपरानं ढोसून माझ्याकडे बोट दाखवत होत्या.

भाषण रंगलं. मी म्हणाले, कितीही ओढाताण झाली तरी बियाण्याला राखलेलं धान्य आपण दळून खात नाही. राज्यानं आज कर्ज काढून छावण्या चालवल्या, कर्जं माफ केली, वीजबिलं भागवली, तर ते नातवंडांचं बियाणं दळून खाल्ल्यासारखंच. बायका माना डोलावत होत्या. माझ्या टिपणात पुढे आणखी एक मुद्दा होता. तिजोरीतला मोठा वाटा आमच्यासारख्यांचे पगार, पेन्शन आणि जुन्या कर्जाचं व्याज यांतच जातो. तो मी गाळला. वेळ झाला म्हणून गाळला, अशी मी स्वतःची समजूत घातली. वेळ कसला झाला होता? नंतर जेवणाची वाट बघत आम्ही कितीतरी वेळ नुसते बसून होतो.

पुढे काही आठवड्यांनी गावी गेले तर जाऊबाई घरीच. छावणीत बैलांपाशी कोण आहे, असं मी विचारलं. भाकरी थापता थापता त्यांनी सांगितलं, बैल छावणीतून सोडून आणले आणि बाजारात विकून टाकले. दुष्काळात जो तो जनावर विकायला काढतो, भाव मातीमोल मिळाला होता. मी चिडले. निदान मला विचारायचं तरी, असं म्हणाले. त्यांना माझं नवलच वाटलं.

"कावून चिडतीस? तूच सांगितलंस की, बियाचं दळून खाऊ न्हाई. आमचे बैल तेच खात हुते."

बाकी गावानं टाळ्या वाजवल्या होत्या आणि जनावरं होती तिथंच ठेवली होती. अख्ख्या गावात माझं म्हणणं एकट्या जाऊबाईंनी खरं मानलं होतं. मी बैल घेऊन देते म्हणाले, तर म्हणाल्या, ते पैसे तुझ्या पोरांच्या शिक्षणाला ठेव. पाऊस झाला तेव्हा गावाच्या पेरण्या उरकल्या आणि जाऊबाई कुणाचं तरी औत मोकळं होण्याची वाट बघत बसल्या. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून गेला, निम्मं रान पडीक राहिलं. त्या दिवसांत माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, असं लिहिलं तर ते खोटं होईल. उतरत होता. फक्त जेवताना त्या आठवायच्या, आणि मला माझीच लाज वाटायची.

पुढच्या वर्षी सभेला मी आपण होऊन गेले. या वेळी गाळलेलं सगळं बोलायचं ठरवलं होतं आणि बोललेही. वाचवायचंच असेल तर माझ्या पगाराचा, उद्याच्या पेन्शनचाही विचार करावा लागेल, असं सांगितलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मंग मॅडमपासूनच सुरू करू की." एकच हशा पिकला.

तेवढ्यात जाऊबाई उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत सभेत त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"तिच्या पेन्शनीला हात लावायचा न्हाई. लई कष्टानं शिकली ती. कमी करायचं तर आमचं करा. आमाला सवय हाय."

अध्यक्षही रंगात आले होते. मॅडमची पेन्शन कायम, मंजूर का, असं त्यांनी विचारलं. आमच्याकडे सभेनंतर जेवण असतं, त्यामुळे ठराव कसलाही असो, पटकन मंजूर होतो. 'मंजूर, मंजूर' म्हणत लोक पंगतीकडे निघालेसुद्धा.

माईक माझ्याच हातात होता. नाही, माझ्यापासूनच सुरू करा, एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंही. पण आतून मला हायसं वाटलं होतं, आणि ते इतकं खरं होतं की मी माईक खाली ठेवला.

पंगतीत मी जाऊबाईंच्या शेजारी बसले. त्यांनी आपल्या पानातला बुंदीचा लाडू उचलून माझ्या पानात ठेवला, आणि मी तो खाल्ला.