कळसूबाई की माथेरान

त्या हिवाळ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विषमज्वर झाला. सव्वा महिन्याने अंथरुणातून उठले तेव्हा अंगावर हाडंच उरली होती. डॉक्टर म्हणाले, "जपा. दगदग नको."

अण्णांना जपणं ठाऊक नव्हतं. चैत्र लागला तसं डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांनी जाहीर केलं, "यंदा मे महिन्यात नाशिकला मामाकडे नाही जायचं. कळसूबाई चढायची. चौघांनी."

आई तांदूळ निवडत होती. "जिना चढलात की कठड्याला धरून उभे राहता. म्हणे कळसूबाई!"

"मे अजून लांब आहे."

दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे रुळांच्या कडेने कल्याणच्या दिशेला चालायला जाऊ लागले. परतले की आईला ऐकू जाईल असं सांगायचे, "आज पत्रीपुलापर्यंत!" आई भाकरी थापत राहायची, फक्त जरा जोरात.

मी बारा वर्षांची होते. मला कळसूबाईच हवी होती. सगळ्या सह्याद्रीच्या डोक्यावर उभं राहायचं, या विचाराने वर्गात पाय स्थिर राहत नसत.

एका सकाळी साडेसात झाले तरी अण्णा आले नाहीत. आईने मला धाडलं. मी पायवाटेने जवळजवळ पळतच गेले. ठाकुर्ली स्टेशनच्याही अलीकडे, पत्रीपुलाच्या निम्म्या वाटेवरसुद्धा नाही, चिंचेखाली ते दगडावर बसले होते. सदरा घामाने भिजलेला, ओठ पांढरे. मला बघून उठायला गेले आणि परत बसले.

"अण्णा, कुठपर्यंत गेला होतात?"

"इथपर्यंतच." ते रुळांकडे बघत राहिले. "रोज इथपर्यंतच येतो. आईला सांगू नकोस."

परतताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. आमचं घर दिसताच त्यांनी तो काढून घेतला.

पुढचे आठ दिवस मला जेवण गोड लागेना. सांगावं तर अण्णांचा शब्द मोडायचा, न सांगावं तर ते खरंच चढायला लागतील. त्यांनी तर जायचा दिवससुद्धा ठरवला. रविवारी दुपारी वेळापत्रक उघडून विचारलं, "मग? इगतपुरीची गाडी बघू ना?"

"मला नाही यायचं," मी एकदम म्हणाले. "मला भीती वाटते उंचावर. माथेरानला जाऊ."

माथेरानच्या छोट्या आगगाडीत बसायला मिळणार म्हणून धाकटी बहीण नाचायलाच लागली. अण्णांनी माझ्याकडे बघत वेळापत्रक मिटलं.

"भित्री कुठली," ते हळूच म्हणाले. मग आईला, "ऐकलंस? हिच्यासाठी माथेरान." पुढे येणाऱ्याजाणाऱ्यालाही ते हेच सांगत. मला राग यायचा, पण खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही.

माथेरानला पहिल्या दिवशी ते बाजारापर्यंत जाऊन दमले. मी धुसफुसत लाल माती लाथाडत मागे चालले होते. आठव्या दिवशी मात्र आम्ही थेट पश्चिमेच्या कड्यापर्यंत गेलो, अण्णा एकदाही बसले नाहीत. आई नऊवारी खोचून सगळ्यांच्या पुढे होती. कड्यावर वारा इतका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. अण्णांनी समोरच्या डोंगराकडे बोट करून मला काहीतरी विचारलं, आणि मी नुसतीच हो म्हणून मान हलवली.